रोजचा पासवर्ड

“पण सर, यात चुकलं तरी काय?” निशिकांतनं विचारलं.

सबनीस सर चहात बिस्कीट बुडवून शांतपणे खात राहिले.

निशिकांत त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आता हुशार म्हटल्यावर थोडी मिजास आलीच. गावातल्या महिला सल्ला केंद्रासाठी त्यानं एकट्यानं सॉफ्टवेअर बनवलं होतं. घरच्या मारहाणीला कंटाळून आलेल्या बायकांच्या हकिकती त्यात राहणार होत्या. केंद्रातल्या आठ कार्यकर्त्या आपापल्या पासवर्डनं ते उघडणार. सर हो म्हणाले तरच उद्या बसवायचं, अशी केंद्राची अट होती. पहिलंच स्वतंत्र काम, त्यामुळे पोराचा जीव टांगणीला लागला होता.

म्हणून त्यानं पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. वर नावाची चौकट, खाली पासवर्डची. अक्षर टाइप केलं की नुसता ठिपका उमटतो, मागे उभं राहून कोणाला वाचता येत नाही.

“आणि एखादी विसरली तर?”

या प्रश्नाची तर तो वाटच बघत होता. त्यानं ऐटीत एक फाइल उघडली. चाचणीसाठी घातलेली आठ नावं आणि प्रत्येकीपुढे तिचा पासवर्ड, स्वच्छ वाचता येईल असा. कोणाचाही फोन आला की इथं बघून लगेच सांगणार, असं तो म्हणाला. कार्यकर्त्या ताईंची जराही अडचण होऊ द्यायची नाही, हे त्यानं आधीच ठरवलं होतं.

सरांनी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

मग त्यांनी कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला.

“तुझं नाव घाल. पासवर्ड रोजचा टाक. खरा.”

निशिकांतनं तीन अक्षरं टाइप केली. तीन ठिपके उमटले. शेजारी यादी उघडीच होती, पासवर्ड पुरा झाला की तिथं स्वच्छ उमटणार होता. बँकेला हाच, मेलला हाच, फोनलाही हाच...

त्याची बोटं थांबली. लाज वाटली त्याला, चांगलीच वाटली.

सरांनी दुसरं बिस्कीट घेतलं. त्यांना काही घाई नव्हती.

“सर...” तो शेवटी म्हणाला, “खोटा टाकला तर चालेल?”

“मला चालेल,” सर म्हणाले. “त्या आठ जणी खरा टाकतील का, ते विचारून ये.”