ताटातल्या तांदळावरचं नाव

धुक्यात खाडी आणि आभाळ एक झालं होतं. रेवतीची होडी जणू ढगातूनच चालली होती. होड्यांची शर्यत जिंकणाऱ्या या तृतीयपंथी नावाडिणीची मुलाखत घ्यायला संपादक सरपोतदार बायकोला घेऊन होडीत बसले होते.

"जुनं नाव सांगा," ते गुरगुरले. "वाचकांना खरं कळायला हवं. नाहीतर गावात विचारून छापेन."

ते छापलं, की उद्या धक्क्यावरचे सगळे रेवतीला त्याच नावाने हाक मारणार. वल्हं थांबवून तिने बाईंना विचारलं, "वहिनी, तुमचं नाव?"

"मृणालिनी."

"आणि माहेरचं?"

संपादकच कडाडले, "त्याचा काय संबंध? लग्नात ताटातल्या तांदळावर मी स्वतः अंगठीने लिहिलंय. तेव्हापासून हेच तिचं खरं नाव!"

"साहेब, तुम्ही दुसऱ्याचं नाव लिहिलंत, ते लगेच खरं झालं," रेवती हसली. "मी माझंच ठेवलं, तर ते खोटं कसं?"

बाईंनी संपादकांच्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं.

बातमी छापून आली, त्यात रेवती फक्त रेवती होती. खाली लिहिणारीने स्वतः निवडलेलं, माहेरचं नाव होतं: कुसुम.