गोंदा कुंभाराची जुनी गाडी

रस्त्यांना अजून नावं पडली नव्हती आणि घाट ओलांडायला बैलांच्या खांद्याशिवाय दुसरा आधार नव्हता, त्या फार जुन्या काळी डोंगरावरच्या एका गावात गोंदा नावाचा कुंभार राहत असे. त्याची मडकी खणखणीत, आणि राग त्याहून खणखणीत. भट्टी धुमसली तरी तो चिडे, पाऊस लांबला तरी चिडे. त्याची बायको हौसा कमी बोले. चिखल तुडवता तुडवता ती विचार करी, आणि विचार पुरा झाल्यावरच तोंड उघडी.

एका वर्षी त्यांची गाडी मोडली. मडकी खपत ती घाटाखालच्या पेठेत, आणि नवी गाडी करवून घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा बैलांची जोडी पुढे घालून दोघं नवराबायको तिथल्याच जुन्या गाड्यांच्या बाजाराला निघाले.

बाजाराच्या तोंडाशीच एका गाडीवानाची विधवा नवऱ्याची गाडी विकायला उभी होती. गाडीचं लाकूड उन्हापावसाने काळं पडलेलं, कडा हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. गाडी किती चालली आहे, असं गोंदाने विचारलं. नवरा हयातभर हिच्यातून समुद्राचं मीठ आणत होता, कोस कुणी मोजले, असं ती म्हणाली. आणि मग न विचारताच तिने पुढचंही सांगितलं.

"डाव्या चाकाच्या मधला तुंबा झिजलाय. पावसाळ्याआधी बदलावा लागेल. आस मात्र त्यांनी जाण्याआधी नवा घातला होता. वंगण चुकवू नका, मग ही तुम्हाला दगा द्यायची नाही."

हौसाने खाली वाकून दोन चाकांमधला आस पाहिला, चाक हलवून पाहिलं. खर्च आहे खरा, तिच्या मनात आलं, पण आधीच कळलेला खर्च आहे. त्याची तयारी करता येते.

गोंदाचं डोकं मात्र भडकलं. जी बाई आपल्या तोंडाने एवढे दोष सांगते, तिने लपवलेले किती असतील? समुद्रापर्यंत ओढून झिजवलेली गाडी ही आपल्या माथी मारते, म्हणजे हिने आपल्याला खुळा समजलं. ही गाडी सरपणात घाल, असं तो तिला चारचौघांत म्हणाला. त्या बाईने पदराने गाडीच्या दांड्या पुसल्या आणि ती दुसरीकडे पाहू लागली.

थोडं पुढे एका दलालाची गाडी उभी होती. लाल-हिरव्या रंगाने नुसती झळकत होती. दलालाने गोंदाला बसायला घोंगडी दिली, त्याच्या मडक्यांची कीर्ती ऐकल्याचं सांगितलं. ही गाडी एका सरदाराच्या वाड्यातली, म्हणाला. सणासुदीला देवळापर्यंत जायची, एरवी नुसती उभी.

"उभी कुठे असायची?" हौसाने विचारलं. "छपरात की उघड्यावर? एक चाक काढून आस दाखवता का?"

दलालाचा चेहरा एकदम पडला. आपल्या कुळात कुणी कधी खोटं बोललं नाही, असं तो दुखावल्या आवाजात गोंदाला म्हणाला. बायकोच्या शब्दाने चालणाऱ्या माणसाशी आपण व्यवहार करत नाही. आजूबाजूचे लोक हसले.

ते हसू गोंदाच्या जिव्हारी लागलं. तो हौसाकडे वळला.

"गप्प राहा. गाडीतलं तुला काय कळतं?"

हौसा बाजूला झाली. गोंदाने गाडी घेतली.

पहिल्याच बाजाराच्या दिवशी, मडकी भरून घाट उतरताना, ऐन वळणावर आस मोडला. गाडी एका अंगावर कोसळली. मडक्यांचा चुराडा झाला, आणि डाव्या अंगाचा बैल जुवासकट दरीत ओढला गेला. हौसाने विळ्याने जुंपणीची दोरी कापली म्हणून दुसरा तेवढा वाचला. मोडलेला आस गोंदाने हातात घेतला तेव्हा त्याचा भुगा झाला. वर्षानुवर्षं उघड्यावर, पावसात उभ्या राहिलेल्या त्या गाडीला वाळवीने आतून पोखरलं होतं, आणि वरून रंग फासला होता.

गोंदा कुऱ्हाड घेऊनच बाजारात शिरला. लोकांनी त्याला धरलं आणि त्याला नि दलालाला पेठेच्या पंचांपुढे नेलं. गोंदा रागाने नुसता ओरडत होता. दलाल मात्र शांत होता.

"गाडी तपासायला मी याला अडवलं नव्हतं," तो पंचांना म्हणाला. "याच्या बायकोने आस दाखवा म्हटलं. तिला गप्प मी बसवलं की याने?"

पंचांनी त्या निर्लज्जाचं काही ऐकलं नाही. त्यांनी गाडीची किंमत परत करायला लावली आणि त्याला बाजारातून कायमचं हाकललं. पण मेलेला बैल कोणता पंच परत देणार?

घाट चढताना गोंदा दलालाला शिव्या देत होता.  हौसा रस्त्यातच थांबली. तिचा आवाज चढला नव्हता, पण गोंदाने तो असा कधी ऐकला नव्हता.

"त्या बाईने खरं सांगितलं, तिचा तुम्हाला राग आला. मी प्रश्न विचारला, माझा राग आला. खोटं बोलणारा समोर बसला होता, त्याच्यावर मात्र राग आला नाही. आणि आता येतोय, बैल दरीत पडल्यावर."

एवढं बोलून ती पुढे चालू लागली. गोंदा बराच वेळ तिथेच उभा होता. त्याला पुन्हा राग आला होता, पण या खेपेला तो काढायला समोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो विधवेकडे गेला. तिची गाडी केव्हाच एका तेल्याने नेली होती. त्याने नवा तुंबा बसवला होता, आणि घाण्याचं तेल भरून ती रोज घाट चढत होती. गोंदाने त्या बाईची क्षमा मागितली. तिने पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही.

जोडीला बैल घेण्याइतका पैसा जुळेपर्यंत, ते सबंध वर्ष गोंदाने खांद्यावर कावड घेऊन मडकी पेठेत नेली. खांद्याला घट्टे पडले. पुढच्या वर्षी दोघं पुन्हा बाजारात गेले. एका देखण्या गाडीखाली हौसा वाकली, तसा मालक खेकसला, बायकांनी गाडीखाली शिरायचं काय काम? गोंदाच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. त्याने मालकाकडे पाहिलं, बैलाचा कासरा हातात घट्ट धरला आणि म्हणाला, "हौसा, चल. ही गाडी आपल्याला नको."

लहानथोरांनो, जुनी वस्तू घेताना ती किती चालली यापेक्षा कशी राखली ते पाहावं, आणि प्रश्नाचा ज्याला राग येतो त्याच्याकडून ती घेऊच नये.