सुरी पाहिलेला बोकड

मुलांनो, समोर कुणी सुरीला धार लावत असेल, तर दाव्याला बांधलेल्या बोकडाला काय वाटत असेल? कधी विचार केला आहे का?

समुद्रापलीकडच्या एका थंड गावात इसाक पारकर नावाचा खाटीक राहत होता. मूळचा कोकणातला. त्या गावात मुसलमानांची घरं मोजकीच. बाजारात मांस पुष्कळ मिळे, पण ते हलाल नसे. म्हणून ही मंडळी मासे आणि भाजीवरच भागवत.

शेवटी इसाक मार्टिन नावाच्या शेतकऱ्याकडे गेला. मार्टिन ख्रिस्ती, तोंडानं फटकळ, पण जनावरांवर जीव टाकणारा.

"माझ्या अंगणात तू बोकड कापणार? तुझ्या धर्मात त्याचे नियम तरी काय?" त्यानं विचारलं.

इसाक म्हणाला, "आधी जनावराला पाणी पाजायचं. त्याच्या डोळ्यांदेखत सुरीला धार लावायची नाही. एकासमोर दुसऱ्याला कापायचं नाही. मग अल्लाहचं नाव घेऊन, हाल न करता कापायचं. जीव त्यानं दिलेला आहे, आपण नाही."

मार्टिननं इसाकला गोठ्यामागे नेलं. मग म्हणाला, "एवढं पाळणार असशील, तर गोठ्यामागचं अंगण तुझं."

गावातल्या काहींनी नाकं मुरडली. मार्टिननं त्यांना सुनावलं, "तो जनावराला तुमच्यापेक्षा जास्त जपतो. मी त्याला जामीन आहे." तेव्हापासून तिथल्या मुसलमान घरांत हलाल मांस शिजू लागलं.

पुढे इसाकच्या मुलाचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी वलीमा, म्हणजे वराकडचं जेवण होतं. लांबलांबून पाहुणे आले होते. त्यांच्या सरबराईत आदल्या दिवशीची दुपार कलली, तरी बोकड कापायचे राहिलेच होते. मार्टिनच्या गोठ्यामागे इसाक बादली भरू लागला, तसा त्याचा धाकटा भाऊ याकूब वैतागला.

"भाई, त्यांना पाणी कसलं पाजतोस? ते काय वलीम्याला पंगतीत बसणार आहेत?"

मदतीला आलेले सगळे हसले. इसाकही हसला. त्यानं बादली बाजूला ठेवली. सगळे बोकड एका रांगेत बांधले, तिथंच सुरीला धार लावली आणि अल्लाहचं नाव घेऊन पहिला बोकड कापला.

तेवढ्यात नव्या सुनेसाठी फुलं घेऊन निघालेला मार्टिन तिथं आला आणि जागीच थिजला. दुसरा बोकड दावं ताणून भिंतीला चिकटला होता. त्याचे पाय लटलट कापत होते. तोंडातून आवाजही फुटत नव्हता.

"इसाक, हे तू केलंस?" मार्टिनचा चेहरा पांढराफटक पडला. "तू? अरे, मी गावाला काय सांगत होतो!"

याकूब उसळला. "आम्हाला शिकवणारा तू कोण? अल्लाहचं नाव घेतलंय. एवढ्यानं मांस हराम होत नाही. भाई, तू काप."

इसाकनं वळून त्या बोकडाकडे पाहिलं, आणि त्याच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं तो बोकड कापत होता, पण अशी नजर त्यानं कधी पाहिली नव्हती. कारण आजवर कुठल्याही बोकडावर त्यानं ती वेळच आणली नव्हती.

त्यानं सुरी फडक्यात गुंडाळली. "याकूब, मांस हराम होत नाही, हे खरं. पण मी ज्याचं नाव घेतलं, त्याचंच सांगणं तुडवलं. आता या बोकडांवर माझा हात उठणार नाही."

"आणि पाहुण्यांना काय सांगशील? मुलाच्या वलीम्यात मटण नाही म्हणून? सगळ्यांसमोर नाक कापून घेणार आहेस का?"

"जे झालं, ते सांगेन."

इसाकनं उरलेले बोकड सोडले आणि त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. मार्टिननं फुलं बाजूला ठेवली. एकेका बोकडाला धरून तो पाण्यापाशी आणू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वलीम्याच्या देगीत त्या एका बोकडाचं मांस आणि भरपूर डाळ घालून दालचा शिजला, आणि मटण इतकं थोडं का, हे इसाकनं दारात उभं राहून प्रत्येक पाहुण्याला स्वतः सांगितलं.

तात्पर्य: देवाचं नाव नुसतं ओठांवर असून भागत नाही, त्याची दया हातांतही असावी लागते, आणि चूक कळताच सुरी खाली ठेवणं हाही धर्मच आहे.