दोनशे चौदामधली एक ओळ

सांगलीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत उकिडवे सरांचा कडक नियम होता. प्रोग्राममधली जुनी ओळ कुणी खोडायची नाही, तिच्या आधी दोन तिरक्या रेघा देऊन ती टिप्पणी म्हणून ठेवायची. अशा ओळी संगणक वाचत नाही, पण सरांना इतिहास जपायची हौस होती.

घरच्या घरी प्रोग्रामिंग शिकलेल्या वैजयंती खोपकरांकडे काम आलं, सगळीकडून ‘ओल्डटोकन’ ही जुनी आज्ञा बंद करायची. ते जमलं तरच नोकरी कायम होणार होती.

शनिवारी सरांनी सगळ्यांसमोर, प्रोग्राम लिहायच्या एडिटरमध्ये ‘ओल्डटोकन’चा शोध घेतला. आकडा आला दोनशे चौदा.

“बाई, याला काम झालं म्हणता? क्लास न लावता शिकलं की असं होतं.”

“सर, यात टिप्पण्याही मोजल्यात.” वैजयंतीबाईंनी शोधाच्या चौकटीत एक नमुना लिहिला आणि लिहिता लिहिता समजावला, “ओळ दोन तिरक्या रेघांनी सुरू होत असेल तर सोड. उरलेल्यांत ओल्डटोकन शोध.”

आकडा आला एक.

“एक राहिलीच ना?” सर खूश झाले.

“ती तुमच्या फाइलीत आहे, सर. हिला कुणी हात लावू नये, असा तुमचाच शेरा आहे वर. मी दोनदा विचारलंय.”

कुणीतरी खोकलं. सर हळूच म्हणाले, “मग तीही वगळा की नमुन्यानं.”

“तिला नमुना लागत नाही, सर. तुमची परवानगी लागते.”

सरांनी खुर्ची पुढे ओढली, त्या ओळीआधी स्वतः दोन तिरक्या रेघा दिल्या आणि कायम केल्याचं पत्र सहीसाठी मागवलं.