समोरची भिंत

वाढत्या शहराच्या टोकाला एका वृद्ध एजंटाचे छोटेसे कार्यालय होते. एकदा एक पदवीधर तरुण घरांच्या खरेदी-विक्रीतली मध्यस्थी शिकायला त्याच्याकडे आला.

तरुणाच्या वडिलांना हे पसंत नव्हते. "एवढं शिकून दलाली करणार?" असे म्हणून त्यांनी मुलाशी बोलणेच टाकले होते. तरुण इरेला पेटून अभ्यासाला लागला. त्याने प्रशिक्षण पूर्ण केले, परीक्षेत उत्तम गुण मिळवले आणि नोंदणीचे प्रमाणपत्र हाती येताच ते चौकटीत बसवून आणले. आपण कुणी ऐरेगैरे दलाल नाही, हे आता जगाला दिसणार होते. आपल्या खुर्चीमागे, येणाऱ्याच्या नजरेत भरेल अशा जागी त्याने ते टांगले.

"काढ ते," वृद्ध म्हणाला. "समोरच्या भिंतीवर लाव. माझ्या प्रमाणपत्राशेजारी."

समोरची भिंत म्हणजे ग्राहकाच्या पाठीमागची. एजंटांना परीक्षा सक्तीची करणारा नियम आला तेव्हा वृद्धानेही पासष्टाव्या वर्षी ही परीक्षा दिली होती. त्याचे प्रमाणपत्र तिथेच लटकत होते. तरुणाला ती म्हातारपणाची चूक वाटत असे.

"अहो काका, दर्शनी भागात लावायचं असतं. तिथं कोण बघणार?"

"आपण बसतो तिथून ती भिंत स्वच्छ दिसते की," वृद्ध म्हणाला आणि चहा सांगायला उठला.

तरुणाने खिळा ठोकला, पण चार घाव जास्तच घातले.

आठवड्याने एक निवृत्त परिचारिका एकट्याच आल्या. जन्म भाड्याच्या खोल्यांत गेलेला. तरुणाने दाखवलेले घर त्यांना मनापासून आवडले होते. हा त्याचा पहिलाच व्यवहार. मनोमन तो पेढ्यांचा पुडा घेऊन वडिलांसमोर उभाही राहिला होता.

"बाकी सगळं ठीक," बाई म्हणाल्या. "ते कागदांतलं मला कळत नाही हो. इमारत राहायला योग्य असल्याचा नगरपालिकेचा दाखला, भोगवटा म्हणतात ना, तो मिळालाय ना?"

मिळाला नव्हता. 'येईलच महिन्याभरात. मिळाला म्हणून सांगून टाक,' असे बिल्डरने सकाळीच फोनवर सांगितले होते. तरुणाने तोंड उघडले, आणि त्याची नजर बाईंच्या डोक्यावरून समोर गेली. काचेमागे त्याचे पूर्ण नाव होते. मधले नाव वडिलांचे. परीक्षेत भोगवट्याचा प्रश्न आला होता. तेव्हा उत्तर द्यायला त्याला क्षणही लागला नव्हता.

"काय बघताय तिकडे?" बाई वळल्या. "अगोबाई, तुमचंच का हे?"

"दाखला मिळालेला नाही, मावशी," तरुण म्हणाला. "कधी मिळेल, तेही मला ठाऊक नाही. तोवर पैसे अडकवू नका."

"बरं झालं सांगितलंत," म्हणून बाई पिशवी उचलून जड पावलांनी निघून गेल्या.

"झालं तुमच्या मनासारखं?" तरुण म्हणाला. "तुमच्या भिंतीने माझा पहिला व्यवहार खाल्ला, काका."

वृद्धाने चष्मा काढला. "बाळा, आपल्यावर विश्वास बसावा म्हणून लोक प्रमाणपत्र डोक्यामागे लावतात. ती बाई तर विश्वास घेऊनच आली होती. कागद मागितला नाही तिने, नुसतं विचारलं. अशा वेळी ते प्रमाणपत्र आपल्याला दिसायला हवं. आमच्या काळी परीक्षा नव्हती. कित्येक वर्षं माझ्यासमोर कोरी भिंत होती. तिच्याकडे बघत मी पुष्कळांना 'हो, मिळालाय' म्हटलंय. दाखला नाही म्हणून नळ नाही; त्यांतली काही माणसं अजून टँकरपाशी हंडे घेऊन उभी असतात. दिसली की मी रस्ता बदलतो."

तरुणाने उठून आधी वृद्धाच्या चौकटीवरची धूळ पुसली, मग स्वतःच्या.

संध्याकाळी तो रिकाम्या हातांनी घरी गेला. घडले तेवढे त्याने वडिलांना उभ्याउभ्याच सांगितले आणि आत वळला.

"जेवलास का?" मागून वडिलांनी विचारले.