साहेबांचा बंद लखोटा

एका तालुक्याच्या गावी द्वारकाबाई खोपकर या वृद्ध बाई सासरी गांजलेल्या स्त्रियांना ई-मेलवरून सल्ला देत असत. त्यांनी निवडलेल्या मेलसेवेतील पत्रे तिऱ्हाइताला वाचता येत नसत. नेमके हेच खुपल्याने सरकारी खात्यातले रणदिवेसाहेब महिन्यात तिसऱ्यांदा त्यांच्याकडे आले.

"बाई, हा आदेश घ्या. आमच्या खात्याची मेलसेवा वापरा, नाहीतर तुमच्या या सल्ला केंद्राची मान्यता रद्द होईल."

"तिथली पत्रे तुमचे खाते उघडून पाहते ना?"

"सुरक्षेसाठी पाहावी लागतात. सेवा मात्र भरवशाची आहे हो!"

बाईंनी थकून चष्मा उतरवला. त्या स्त्रियांच्या नवऱ्यांची खात्यात ओळख होती, हे त्या जाणून होत्या.

"बरे. मग हा आदेश मला त्याच सेवेवरून पाठवा. आजच बदल करते."

"छे, छे! हा गोपनीय आहे. मेल चार जण वाचतात, म्हणून तर मी स्वतः बंद लखोट्यातून आणला."

"साहेब, माझ्या लेकींना लखोटा घेऊन उंबरठा ओलांडता येत नाही. म्हणून त्यांच्यासाठी बंद लखोटा मीच निवडून ठेवला आहे."

रणदिवेसाहेबांनी लखोटा पिशवीत परत घातला. बाईंनी चष्मा लावला आणि सकाळपासून राहिलेले सतरावे पत्र उघडले.