बुसानची सात कार्डं

“...आणि सात जागा बघूनही काहीच वाटत नसेल, तर चूक जागेची की माणसाची, भंते?”

माईणकर सरांनी हे विचारलं तेव्हा हेवोन भंते मठाचं अंगण झाडत होते. वय पंचाहत्तरीच्या पुढचं. तरुणपणी पाली शिकायला ते सहा वर्षं पुण्यात राहिले होते, त्यामुळे मराठी बोलायचे. बुसान बंदराला लागून असलेल्या योंगदो बेटावर, चढणीच्या टोकाला त्यांचा लहानसा मठ होता. सरांना त्यांचा पत्ता हॉटेलातल्या मुलीनं दिला होता.

“कोणत्या जागा?”

सरांनी खिशातून सात पोस्टकार्डं काढून ओट्यावर मांडली. रत्नागिरीच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. कार्डंही त्यांनी नकाशासारखी मांडली, उत्तर वर ठेवून.

“हे खडकांवरचं देऊळ. लाटा पार पायथ्याशी येतात. ही डोंगरउतारावरची रंगीत घरं, कोरियन युद्धात उत्तरेकडून पळून आलेल्यांची वस्ती. हा मासळीबाजार. हे दोन किनारे, हा दीपगृहाचा कडा. आणि हा तुमच्या बेटाचा पूल. तो आज सकाळी पाहिला. एकही जागा गाळली नाही.”

“सुंदर आहेत.”

“असतील. माझ्या मुलानं पाठवली होती. निनादनं. बोटीवर इंजिनिअर होता.”

“होता...”

“दोन वर्षं झाली. वादळात डेकवरून गेला. सापडला नाही.”

भंतेंनी झाडू भिंतीला टेकवला.

“बोटीवर जाऊ नकोस असं मी सांगितलं होतं,” सर म्हणाले. “तो गेला. मी बोलणं टाकलं. नऊ वर्षं. त्याची बोट इथं लागली की तो कार्ड टाकायचा.”

“काय लिहायचा?”

खाली बंदरात एका बोटीचा भोंगा वाजला, थांबला.

“वाचलं नाही. चित्र बघायचो आणि कपाटात ठेवायचो. वाचलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.”

“आणि नंतर?”

“नंतर हात धजला नाही... म्हटलं, त्यानं दाखवलेलं सगळं डोळ्यांनी बघून येऊ. तेवढं तरी.”

भंते ओट्यावर बसले. एकेक कार्ड उचलून त्यांनी पालथं ठेवलं. देऊळ गेलं, रंगीत घरं गेली, कडा गेला. पुलाचं कार्ड मात्र त्यांनी उलटं करून सरांच्या हातात दिलं.

“चष्मा हॉटेलवर राहिला,” सर म्हणाले.

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

त्यांनी कार्ड दोन्ही हातांनी धरलं. मग सर वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचू लागले.

“तीर्थरूप बाबा, लढाईत ताटातूट झाली तर या पुलावर भेटायचं, असं ठरवून माणसं पळाली होती म्हणे. आज मला सुट्टी होती. दोन तास पुलावर उभा राहिलो. तुम्ही येणार नाही हे ठाऊक होतं. तरी उभं राहून बरं वाटलं. आईचे गुडघे आता...”

पुढचं त्यांना वाचता येईना. कार्ड मांडीवर ठेवून ते खाली मान घालून बसले. त्यांचे खांदे हलत होते. भंतेंनी आतून पाण्याचा पेला आणला आणि शेजारी ठेवला.

“मी सकाळी त्याच पुलावर होतो,” सर म्हणाले. “पावलांनी लांबी मोजत होतो.”

सरांनी पाण्याचा एक घोट घेतला.

“खरंच भेटायची का हो माणसं तिथं?”

“काही भेटली. माझे वडील उत्तरेकडेच मागे राहिले होते. आई रोज दुपारी पुलावर जायची. आधी मला पाठीशी बांधून, मग हाताला धरून, मग एकटी. बावीस वर्षं.”

“आले ते?”

“नाही.”

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

“माझा तर येणारच नाही, भंते. हे मला पक्कं ठाऊक आहे. उद्या मी त्या पुलावर जाऊन उभा राहिलो तर मला काय मिळणार? तुमच्या आईला तरी काय मिळालं?”

भंते खाली पुलाकडे बघत राहिले.

“निघताना ती रोज केस विंचरायची,” ते म्हणाले. “एरवी आरशाकडे बघायचीही नाही.”